आर्डुइनो ऊनो स्टार्टर किट : घरच्या बॅटरीचा चार्जर बनवायला कितपत कामाची?

आर्डुइनो ऊनो या प्रोग्राम टाकून चालवायच्या छोट्या बोर्डाशी जुळणारा बोर्ड, एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची भोकांची पाटी), जंपर वायरींचे जुडगे, १६ बाय २ चा (दोन ओळींत १६-१६ अक्षरांचा) डिस्प्ले, एक रिले (सिग्नलवर चालणारा स्विच), मूठभर एलईडी आणि पाच-सात सेन्सर अशी बिनब्रँडची स्टार्टर किट ऑनलाइन साधारण दीड-दोन हजारांत मिळते. खान्देशात डिप्लोमा-आयटीआयची मुलं, इन्व्हर्टर दुरुस्त करणारे कारागीर आणि फवारणी पंपाची बॅटरी दर हंगामाला बदलून वैतागलेले शेतकरी ही पेटी एका ठराविक कामासाठी घेतात. घरची १२ व्होल्टची बॅटरी नीट चार्ज करणारं काहीतरी स्वतः बनवायचं असतं. पेटी इथे त्याच कामाच्या कसोटीवर तपासली आहे. रोबोट किंवा रिमोटच्या गाडीसाठी ती कशी आहे, हा प्रश्न बाजूला ठेवला आहे.

मत आधीच सांगतो. मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रामने चालणारी चिप) शिकायला पाचपैकी चार, चार्जर बनवायला पाचपैकी अडीच. बॅटरीचं आयुष्य ठरतं ते व्होल्टेज किती अचूक मोजलं यावर, आणि पेटी नेमकी तिथेच उणी पडते. वरून हजार-बाराशेचं सामान घेतलं तर ही उणीव भरून निघते. ते सामान कोणतं, कुठे लावायचं आणि काय बिघडतं, हे पुढे आलंच आहे.

बोर्ड

पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू हीच. वरची चिप एटीमेगा३२८पी, १६ मेगाहर्ट्झ, ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम. चार्जरच्या प्रोग्रामला एवढं पुरून उरतं. घेताना फोटो नीट पाहा. काही बोर्डांवर चिप लांबट, दोन्ही बाजूंना पाय असलेली आणि सॉकेटमध्ये बसवलेली असते, तर काहींवर चौकोनी चपटी, थेट डकवलेली. सॉकेटवालाच घ्या. बॅटरीचं काम शिकताना चुकून १२ व्होल्ट एखाद्या पिनवर जातातच. तेव्हा सॉकेटमधली चिप उपटून बूटलोडर (यूएसबीवरून आपला प्रोग्राम चढवून घेणारा छोटा प्रोग्राम) टाकलेली दुसरी बसवता येते, चपट्या चिपचा मात्र अख्खा बोर्ड टाकावा लागतो.

बहुतेक स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते. जुन्या विंडोजवर तिचा ड्रायव्हर आधी टाकावा लागतो, नाहीतर पोर्टच दिसत नाही. पोर्ट तरीही दिसलं नाही तर केबल बदलून पाहा. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात आणि त्यात दिवस जातो.

काही जण ऊनोऐवजी त्याच चिपचा लहान बोर्ड नॅनो घ्यायला सांगतात. डब्यात बसवायला नॅनो सोपा, हे खरं. पण चार्जरमध्ये वॉचडॉग लागतो. प्रोग्राम अडकला तर बोर्डाला आपोआप रिसेट करणारा हा टायमर आहे. जुना बूटलोडर असलेल्या नॅनोवर वॉचडॉग लावला की बोर्ड रिसेटच्या चक्रात अडकून बसतो. ऊनोवरच्या ऑप्टिबूट या बूटलोडरला ही अडचण येत नाही. ज्या यंत्राच्या भरवशावर रात्रभर बॅटरी चार्जिंगला सोडायची, त्यात वॉचडॉग हवाच, म्हणून इथे ऊनो बरा.

ईएसपी३२ या वायफायवाल्या बोर्डाची विचारणाही होते. वायफायवरून मोबाइलवर आकडे दिसतात, ही त्याची मोठी सोय. पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, अ‍ॅनालॉग वाचन सरळ रेषेत येत नाही आणि वायफाय चालू असताना एडीसी-२ च्या (एडीसी म्हणजे पिनवरच्या व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग) पिनांवर अ‍ॅनालॉग वाचता येत नाही. पहिला चार्जर ऊनोवर बनवा.

पेटीतलं बाकीचं

डिस्प्ले कामाचा. त्याच्या पाठीमागे आय-टू-सी ची (दोन तारांवर माहिती नेणाऱ्या पद्धतीची) छोटी पट्टी लावलेली असेल तर चार तारांत काम होतं, नसेल तर ती पट्टी वेगळी घ्या. पत्ता हेक्समध्ये २७ किंवा ३एफ असतो. स्क्रीन उजळते पण अक्षरं उमटत नाहीत, तेव्हा दोनातलं एक कारण असतं. एक तर पत्ता चुकलाय, नाहीतर पट्टीवरचा निळा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) फिरवायचा राहिलाय.

सर्वो, स्टेपर मोटर, अल्ट्रासॉनिक, रिमोट, जॉयस्टिक या कामाला लागत नाहीत. ९ व्होल्टच्या बॅटरीची क्लिपही बाजूला ठेवा. डीएचटी११ हा हवेचं तापमान सांगतो, तेही दोन अंशांच्या फरकाने. आपल्याला बॅटरीच्या अंगाचं तापमान हवं असतं. पेटीत एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर असेल तर तो जपून ठेवा. दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो आणि चिकटपट्टीने बॅटरीच्या कुशीला लावता येतो.

ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरींबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ब्रेडबोर्डच्या आतली पत्ती एका अँपियरच्या वर नेऊ नये. जंपर वायर आत केसासारखी असते आणि स्वस्त जुडग्यांत बऱ्याचदा तांब्याऐवजी वर तांबं चढवलेलं लोखंड असतं. चुंबक लावून पाहा, चिकटलं तर ती वायर फक्त सिग्नलला वापरा. बॅटरीची धारा यांच्यातून नेली तर आधी व्होल्टेज खाल्लं जातं, मग ब्रेडबोर्डचं प्लास्टिक वितळतं. बॅटरी, चार्जर आणि फ्यूज यांचा मार्ग पहिल्या दिवसापासून जाड वायर आणि स्क्रूच्या कनेक्टरवरच ठेवा. ब्रेडबोर्डवर फक्त मोजमाप आणि सिग्नल.

व्होल्टेजचं मोजमाप

पेटीबरोबर येणारे धडे अ‍ॅनालॉग वाचन शिकवतात ते असं : पिनवरचं व्होल्टेज ० ते १०२३ मध्ये येतं, ५ ने गुणा, १०२४ ने भागा. एलईडी मंद-तेज करायला हे ठीक. बॅटरीला हे घातक आहे, कारण या हिशोबातले ५ व्होल्ट म्हणजे बोर्डाला त्या क्षणी मिळणारा पुरवठा, आणि तो ५ असतोच असं नाही.

आकड्यांत पाहा. लॅपटॉपच्या यूएसबीवर, लांब केबलमुळे, बोर्डाला प्रत्यक्षात ४.७५ व्होल्ट मिळताहेत असं धरा. प्रोग्राम मात्र ५ धरून चाललाय. बॅटरी प्रत्यक्षात १३.६८ व्होल्टवर असताना डिस्प्ले १४.४ दाखवतो आणि चार्जिंग थांबतं. बॅटरी रोज अर्धवट भरते, प्लेटांवर सल्फेट जमतं, वर्षभरात बॅकअप निम्म्यावर येतो, आणि दोष बॅटरीच्या कंपनीला जातो. उलटही होतं. लॅपटॉपवर ५.० ला सगळं जुळवून घेतलं आणि मग डब्यात ५.१ देणारा पुरवठा लावला, तर १४.४ चा आकडा दिसेपर्यंत बॅटरी जवळपास १४.७ ला पोचलेली असते. खान्देशातल्या मे महिन्यात रोज १४.७ म्हणजे पाणी उडणार आणि बॅटरी तापणार.

यावरचा उपाय चिपमध्येच आहे आणि फुकट आहे. एटीमेगात १.१ व्होल्टचा अंतर्गत रेफरन्स (ज्याच्याशी ताडून मोजायचं ते ठराविक व्होल्टेज) असतो, पुरवठा हलला तरी तो हलत नाही. प्रोग्राममध्ये अ‍ॅनालॉग रेफरन्स 'इंटर्नल' करा. हा आकडा चिपगणिक १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, म्हणून इंटर्नल केल्यावर एआरईएफ पिनवर मल्टिमीटर लावून खरा आकडा वाचा आणि प्रोग्राममध्ये तोच लिहा. इंटर्नल असताना एआरईएफ पिनला ५ किंवा ३.३ ची वायर कधीही जोडू नका, चिप जाऊ शकते. रेफरन्स बदलल्यानंतरची पहिली काही वाचनं सोडून द्या.

आता १२ व्होल्टची बॅटरी १.१ व्होल्टच्या आत आणायची. बाजारात '०-२५ व्होल्ट सेन्सर' म्हणून जी पट्टी मिळते, तिच्यात ३० के आणि ७.५ के (के म्हणजे किलोओहम) चे रेझिस्टर असतात, म्हणजे पाचास एक. ती ५ व्होल्टच्या हिशोबासाठी आहे, इथे चालणार नाही. एक टक्क्याचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर घ्या, १५० के आणि १० के. बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून १५० के, तिथून पिन, पिनपासून ग्राउंडला १० के, आणि १० के च्या समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. सोळास एक असं भागलं जातं. १४.४ व्होल्टला पिनवर ०.९ येतात, आणि १७ व्होल्टच्या पुढेपर्यंत मोजता येतं. एक पायरी साधारण १७ मिलिव्होल्टची. ६४ वाचनांची सरासरी काढली की आकडा नाचायचा थांबतो. या जोडणीचा रोध १० के च्या आतच राहतो आणि एटीमेगाच्या एडीसीला तसाच तो लागतो. पॉवर वाचवायच्या नादात १५ मेग आणि १ मेग लावणाऱ्यांचे आकडे यामुळेच भरकटतात.

दुसरी खबरदारी वायरीची. मोजण्याची वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून आणा, चार्जरच्या बाजूने नको. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दर मीटरला साधारण ७.४ मिलिओहमची असते. बॅटरी ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर झाले, आणि १५ अँपियरला १.१ व्होल्ट वायरीतच गेले. चार्जरच्या तोंडाशी १४.४ दिसतात तेव्हा बॅटरीला १३.३ मिळत असतात. ६ चौरस मिलिमीटर घेतली तरी अर्ध्या व्होल्टच्या जवळ घट राहते. म्हणून चार्जर बॅटरीजवळ हवा आणि मोजणीची वेगळी बारीक जोडी हवी. त्या जोडीलाही बॅटरीपाशी अर्ध्या-एक अँपियरचा फ्यूज लावा.

करंटसाठी काय घ्यावं

दुकानदार हमखास एसीएस७१२ हा करंट सेन्सर पुढे करतो. ३० अँपियरच्या प्रकारात तो दर अँपियरला ६६ मिलिव्होल्ट देतो आणि शून्यालाच २.५ व्होल्टवर बसलेला असतो. वर सांगितलेल्या १.१ च्या रेफरन्समध्ये तो मावतच नाही. ५ च्या रेफरन्सवर वाचला तरी एक पायरी सुमारे ७४ मिलिअँपियरची पडते, तापमानाबरोबर शून्य सरकतं, आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकक्षेत्रही तो पकडतो. इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवायचा असेल तर त्याचा नाद सोडा.

आयएनए२२६ या करंट मोजणाऱ्या चिपची पट्टी घ्या. १६ बिट, ३६ व्होल्टपर्यंत, आय-टू-सी वर चालते, त्यामुळे बोर्डाच्या रेफरन्सशी तिचा संबंधच नाही. तीच बॅटरीचं व्होल्टेजही १.२५ मिलिव्होल्टच्या पायरीने सांगते. मग आपला १५० के-१० के चा दुभाजक दुसरा साक्षीदार म्हणून राहतो. दोन आकड्यांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर चार्जिंग बंद, एवढा एक नियम प्रोग्राममध्ये जरूर लिहा. सुटलेली वायर, गंजलेला लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड), सरकलेला रेझिस्टर असे बहुतेक दोष त्यात सापडतात.

घेताना पट्टीवरच्या शंट रेझिस्टरचा (करंट ज्यातून नेऊन त्यावरचं बारीक व्होल्टेज मोजतात तो) आकडा वाचा. चिप शंटवर जास्तीत जास्त ८१.९२ मिलिव्होल्ट मोजते. 'आर१००' लिहिलं असेल तर ०.१ ओहम, म्हणजे फक्त ०.८ अँपियर. 'आर०१०' असेल तर ८ अँपियर. १५० एएच (अँपियर-तास) च्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला यातलं कोणतंच पुरत नाही. तिच्यासाठी ५० अँपियर-७५ मिलिव्होल्टचा पितळी ठोकळ्यांचा शंट वेगळा घ्यायचा, पट्टीवरचा रेझिस्टर सोल्डरिंगने काढून टाकायचा आणि शंटच्या दोन छोट्या स्क्रूंवरून दोन बारीक वायरी पट्टीला आणायच्या. मोठ्या स्क्रूवरून आणल्या तर जोडाचा रोधही मोजला जातो. जुना आयएनए२१९ मिळाला तर तो २६ व्होल्टपर्यंतच चालतो हे लक्षात असू द्या. १२ व्होल्टचं एक सोलर पॅनल उघड्यावर २१-२२ व्होल्ट देतं, दोन सिरीजमध्ये जोडली की तो गेलाच.

पहिला चार्जर लहान बॅटरीवर

थेट इन्व्हर्टरच्या बॅटरीला हात घालू नका. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएच ची सीलबंद बॅटरी घ्या. कापूस-केळीच्या पट्ट्यात फवारणी पंपात साधारण याच जातीची बॅटरी असते, त्यामुळे शिकलेलं लगेच उपयोगी पडतं. ७ एएच ला ०.७ अँपियरने चार्ज करायचं, आणि आर१०० ची पट्टी इथे जशीच्या तशी बसते.

जोडणीचा क्रम असा : लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर, २ अँपियरचा फ्यूज, एक्सएल४०१५ ची करंट-व्होल्टेज दोन्ही सेट होणारी बक (व्होल्टेज उतरवणारी) पट्टी, १एन५८२२ डायोड, पेटीतला रिले, आयएनए२२६, २ अँपियरचा दुसरा फ्यूज, बॅटरी. दुसरा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत. २३० व्होल्टची बाजू स्वतः बनवायच्या फंदात शिकाऊ माणसाने पडू नये. तयार, आयसोलेटेड (२३० व्होल्टशी थेट जोड नसलेला) अ‍ॅडॅप्टर किंवा एसएमपीएस (तयार पॉवर सप्लाय) घ्या आणि आपलं काम डीसीपासून सुरू करा.

डायोड का? लाईट गेली की बॅटरीची धारा उलटी बक पट्टीत शिरते. पट्टीवरचा दिवा चालूच राहतो आणि बॅटरी सावकाश रिकामी होते. काही वेळा पट्टीच जाते. भारनियमनाच्या भागात हे रोजचं आहे. डायोड ०.३ ते ०.४ व्होल्ट खातो, म्हणून बक पट्टीचं व्होल्टेज सेट करताना बॅटरीच्या टोकाला आकडा वाचून सेट करा.

आधी काहीच न जोडता व्होल्टेजचा पॉट फिरवून १४.८ च्या आसपास आणा. पहिल्या बऱ्याच फेऱ्यांत आकडा हलत नाही. पॉट खराब नसतो, तो अनेक फेऱ्यांचा असतो. मग मल्टिमीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात घालून आउटपुटवर लावा आणि करंटचा पॉट ०.७ वर आणा. लाल वायर लगेच परत व्होल्टच्या भोकात घाला. ती तशीच राहिली आणि बॅटरीवर टेकली तर मीटरचा फ्यूज उडतो, आणि स्वस्त मीटरच्या १० अँपियरच्या वाटेत फ्यूजच नसतो. बक पट्टीवर ५ अँपियर लिहिलेलं असतं. हीटसिंक न लावता ३ च्या वर विश्वास ठेवू नका, पत्र्याच्या खोलीत तर आणखी कमी धरा.

रिलेचं एक अंग नीट समजून घ्या. पेटीतली रिले पट्टी बहुधा लो (० व्होल्ट) सिग्नलवर चालू होणारी असते. पिनला आउटपुट म्हणून जाहीर केल्याबरोबर ती लो होते, रिले 'टक्' करून ओढला जातो आणि प्रोग्रामने काहीही तपासायच्या आत चार्जिंग सुरू होतं. म्हणून आधी पिनवर हाय (५ व्होल्ट) लिहा, मग तिला आउटपुट करा. जोडणी नॉर्मली ओपन (एरवी तुटलेल्या राहणाऱ्या) टोकावर. रिलेवर १० अँपियर, ३० व्होल्ट डीसी छापलेलं असलं तरी डीसीची ठिणगी लवकर विझत नाही, काँटॅक्ट चिकटतात. ५ अँपियरच्या पुढे हा रिले वापरू नये.

पुढच्या पायरीवर रिलेऐवजी मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) येतो आणि इथे एक जुना सापळा आहे. आयआरएफ५४० सगळीकडे मिळतो, पण पूर्ण उघडायला त्याला गेटवर (सिग्नलच्या पायावर) १० व्होल्ट लागतात. ऊनोच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि निखाऱ्यासारखा तापतो. आयआरएलझेड४४एन मागा, मधला 'एल' नीट वाचून घ्या. गेटला २२० ओहम सिरीजमध्ये, गेट ते सोर्स १० के. तोही १५ अँपियरला साडेपाच वॅटच्या आसपास उष्णता काढतो, हीटसिंक हवाच. मॉसफेट निगेटिव्हच्या बाजूला लावला तर बॅटरीचं निगेटिव्ह आणि बोर्डाचं ग्राउंड वेगळं पडून व्होल्टेजचं मोजमाप चुकतं. मोजणीची जागा ठरवूनच त्याला हात लावा. उलट्या धारेला तो अडवत नाही, त्याच्या पोटातला डायोड ती जाऊ देतो, म्हणून बाहेरचा डायोड तसाच राहू द्या.

प्रोग्राममध्ये काय हवं

लेड-अ‍ॅसिडला तीन टप्पे. पहिल्यात ठरलेला करंट, १४.४ व्होल्ट येईपर्यंत. दुसऱ्यात १४.४ वर धरून ठेवायचं, करंट क्षमतेच्या दोन-तीन टक्क्यांवर उतरेपर्यंत. ७ एएच ला म्हणजे ०.१५ ते ०.२ अँपियर, १५० एएच ला ३ ते ४.५. तिसऱ्यात १३.५ ते १३.८ वर फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी कमी व्होल्टेजवर तशीच धरणं. बॅटरीच्या अंगावर कंपनीने वेगळे आकडे छापले असतील तर तेच पाळा. दुसऱ्या टप्प्याला वेळेचीही मर्यादा घाला, चार तास. म्हाताऱ्या बॅटरीचा करंट कधीच खाली येत नाही आणि ती रात्रभर उकळत राहते. पॉटने सेट होणाऱ्या बक पट्टीवर ऊनो व्होल्टेज बदलू शकत नाही, म्हणून या पहिल्या चार्जरमध्ये तिसरा टप्पा रिले उघडून आणि १३.२ च्या खाली आल्यावर पुन्हा लावून भागवायचा. तोडायचा आणि जोडायचा आकडा एकच ठेवला तर रिले टकटक करत बसतो, कारण तोडल्याबरोबर व्होल्टेज खाली येतं.

आता तापमान. १४.४ चा आकडा २५ अंशांचा आहे. दर सेलला दर अंशाला ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करायचे, १२ व्होल्टच्या बॅटरीतल्या सहा सेलला, मधला आकडा ४ धरून, २४ मिलिव्होल्ट. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात बॅटरी ४५ अंशांवर असते. २० गुणिले २४, म्हणजे जवळपास अर्धा व्होल्ट, आणि मर्यादा १३.९ वर येते. डिसेंबरात धुळ्याच्या पहाटे बॅटरी १२ अंशांवर असेल तर तीच मर्यादा १४.७ होते. बाजारातल्या अनेक स्वस्त चार्जरमध्ये हा हिशोब नसतो. खान्देशात स्वतः चार्जर बनवायचं सगळ्यात सबळ कारण आम्ही यालाच मानतो.

तापमानासाठी पाणबंद डीएस१८बी२० सेन्सर घ्या, सिग्नल वर ओढून ठेवणारा ४.७ के चा रेझिस्टर (पुल-अप) लावा. पण त्याच्या आकड्यावर डोळे झाकून हिशोब करू नका. वायर तुटली की नेहमीची लायब्ररी उणे १२७ देते. तो आकडा थेट सूत्रात गेला तर १५२ अंशांचा फरक, ३.६५ व्होल्टची भर, आणि प्रोग्राम १८ व्होल्टपर्यंत वाट पाहत बसतो. सुरू होताना तोच सेन्सर ८५ सांगतो, तेव्हा मर्यादा १३ च्या खाली जाते आणि चार्जिंग सुरूच होत नाही. आकडा ० ते ६० च्या बाहेर गेला की चार्जिंग बंद करून डिस्प्लेवर दोष दाखवा, हीच रीत बरी. ५० अंशांच्या वर बॅटरी गेली तरी थांबा.

बोर्डाला वीज देताना गोल जॅकमधून बॅटरीचे १४.४ देऊ नका. बोर्डावरचा रेग्युलेटर जास्तीचे ९ व्होल्ट उष्णतेत घालवतो. डिस्प्ले आणि रिले धरून दीडशे मिलिअँपियर गेले की दीड वॅटच्या आसपास होतात, आणि आपल्याकडच्या दुपारी तो बंद पडतो. एलएम२५९६ ची छोटी बक पट्टी आधी ५ व्होल्टवर सेट करून मगच ५ व्होल्टच्या पिनला जोडा.

मोठ्या बॅटरीकडे जाताना

१५० एएच च्या ट्यूब्युलर बॅटरीचा शॉर्ट हजारभर अँपियर देऊ शकतो. पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर तो वेल्ड होतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, २० अँपियरचा ब्लेड फ्यूज टर्मिनलजवळच लावा. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्के झाला की पेटतो. रिले ठिणगी काढतो, म्हणून डबा बॅटरीच्या वर कधीच नको, बाजूला आणि हवेशीर जागी. धाब्याच्या घरात बंद कोपऱ्यात बॅटरी असेल तर आधी झरोक्याची सोय पाहा.

इन्व्हर्टर स्वतः बॅटरी चार्ज करत असतो, हे विसरलं की गोंधळ होतो. लाईट असताना इन्व्हर्टर व्होल्टेज १३.८ वर धरून ठेवतो, आपल्या यंत्राला वाटतं बॅटरी भरली, आणि आपलं यंत्र सोलरवर असेल तर ती वीज वाया जाते. दोन्ही एकत्र चालवायचे असतील तर शंट बॅटरीच्या निगेटिव्हवर असा लावा की दोघांची धारा त्यातून जाईल. व्होल्टेजसोबत खरा करंट पाहूनच टप्पा बदला.

लिथियम आयर्न फॉस्फेटची चार सेलची बॅटरी असेल तर १४.२ ते १४.४ ला थांबायचं. वरच्या तापमानाचं सूत्र तिला लावू नका, आणि बीएमएस (सेलांवर लक्ष ठेवणारं सर्किट) शिवाय तिला हात लावू नका.

कुठून काय घ्यावं

वायर, लग, ब्लेड फ्यूज आणि त्याचे होल्डर गावातच घ्या. धुळे, चाळीसगाव, शहादा, कुठेही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात ते मिळतात आणि लग क्रिम्प करूनही देतात. लग फक्त पक्कडीने दाबून आणि वर सोल्डर ओतून चालवू नका, तो तापतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे चांगलं सोल्डर, फ्लक्स आणि मल्टिमीटर पाहायला मिळतात. मल्टिमीटर हाताळूनच घ्या, या सगळ्या कामात त्याच्यावर केलेला खर्च सगळ्यात सार्थकी लागतो. चिपा आणि सेन्सर पुण्याच्या तापकीर गल्लीतून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन. कोणी त्या बाजूला जात असेल तर यादीत शंटचा आकडा आणि मॉसफेटचं पूर्ण नाव लिहून द्या, 'करंट सेन्सर' एवढंच सांगितलं तर एसीएस७१२ च हातात पडतो.

ऑनलाइन पेटी आली की परत करायची मुदत संपायच्या आत चार गोष्टी तपासा. बोर्डावर ब्लिंकचा (एलईडी लुकलुकवणारा) प्रोग्राम चढतो का. ५ आणि ३.३ च्या पिनांवर मीटरने काय दिसतं. इंटर्नल रेफरन्सवर एआरईएफ चा आकडा १.० ते १.२ मध्ये आहे का, आणि पाच मिनिटं तो तसाच स्थिर राहतो का. रिले ओढल्यावर कॉमन आणि नॉर्मली ओपन यांच्यात मीटरची बीप वाजते का, आणि सोडल्यावर थांबते का.